काचेवरचे शेवाळ : एका ‘समतोला’चा इतिहास

घरातले मत्स्यालय नवे असते तेव्हा त्यातले पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसते. काही आठवडे गेले की काचेवर आधी तपकिरी आणि मग हिरवा थर धरू लागतो, वनस्पतींच्या पानांवर तंतू दिसू लागतात, कधी सगळे पाणीच हिरवे होते. यावर आज सांगितले जाणारे उपाय साधारणतः सारखेच असतात. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा अधिक वेळ ठेवू नये, टाकी खिडकीच्या उन्हात नसावी, माशांना मोजकेच खाद्य घालावे, दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे, पाणवनस्पती दाट लावाव्यात, गोगलगायी किंवा कोळंबी सोडावी. व्यवहारात हे उपाय उपयोगी पडतात. परंतु त्यांतील प्रत्येक उपायामागे एक जुना वाद आहे, आणि त्या सर्व वादांच्या मुळाशी ‘समतोल’ हा एकच शब्द आहे.

मत्स्यालयाचा इतिहास सामान्यतः माशांच्या आणि हौशी माणसांच्या बाजूने सांगितला जातो. तो शेवाळाच्या बाजूने वाचला, तर वेगळीच गोष्ट हाती लागते. एक रूपक शास्त्रीय नियम म्हणून कसे रूढ झाले, त्या रूपकाने पाऊणशेहून अधिक वर्षे माणसांच्या हातांना कसे वळण दिले आणि काचेवरच्या हिरव्या थराने त्याचे खंडन कसे केले, याची ती गोष्ट आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात रस वाटावा, तो यासाठी.

आपल्या वाङ्मयपरंपरेला शैवल अपरिचित नाही. वल्कले नेसलेल्या शकुंतलेकडे पाहताना कालिदासाचा दुष्यंत शैवलाने वेढलेल्या कमळाचा दाखला देतो. तिथे शैवल हे न्यून आहे. पण ते सौंदर्याला बाध आणत नाही. कमळ आणि शैवल एकाच सरोवरात असणे हे तिथे गृहीतच धरलेले आहे, कारण सरोवर उघडे आहे आणि ते कुणी सजवलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये पाणी काचेच्या चार भिंतींत आले, दिवाणखान्यात मांडले गेले, आणि शैवलाचा दर्जा बदलला. ते मालकाच्या अपयशाचे चिन्ह झाले.

या बदलाची पूर्वपीठिका रसायनशास्त्रात आहे. मेणबत्तीच्या ज्वलनाने बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा ज्वलनास योग्य होते, हे जोसेफ प्रीस्टलीने १७७१ मध्ये पाहिले. पुढे काही वर्षांनी त्याच्या पाण्याच्या भांड्यांत आपोआप एक ‘हिरवे द्रव्य’ धरले आणि त्यातून शुद्ध हवेचे बुडबुडे निघू लागले. हे द्रव्य वनस्पती आहे की आणखी काही, याविषयी तो साशंक होता. आज आपण त्याला निःशंकपणे शेवाळ म्हणतो. वनस्पती हे काम उजेडातच करतात, हे यान इंगेनहौस याने १७७९ मध्ये दाखवून दिले. म्हणजे ज्या शोधाच्या आधारावर पुढे मत्स्यालय उभे राहिले, त्या शोधाचा एक साक्षीदार शेवाळच होते. पुढच्या शतकात त्याच साक्षीदाराला खरवडून काढण्यात येऊ लागले, हा या इतिहासातला पहिला उपरोध.

दुसरा टप्पा काचेचा. लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड याने १८२९ मध्ये एका बंद बाटलीतील मातीत नेचा उगवलेला पाहिला. धुराने काळवंडलेल्या शहरात बाहेर जे जगत नव्हते, ते काचेआड जगत होते. वॉर्डने त्यावरून काचेच्या पेट्या तयार केल्या आणि १८४२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली, ती याच पेट्यांतून. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर रद्द झाला आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. बंद काचेत एक छोटे स्वयंपूर्ण जग नांदू शकते, ही कल्पना आता केवळ पाण्यात उतरायची राहिली होती.

ती उतरवली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. १८४९ मध्ये त्याने एका मोठ्या काचपात्रात वाळू, माती, दगड, व्हॅलिस्नेरिया ही लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती आणि दोन लहान सोनमासे ठेवले. मासे कर्बवायू सोडतील, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देतील, आणि पाणी न बदलता हे चक्र चालू राहील, असा त्याचा तर्क होता. १८५० मध्ये त्याने लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे जो निबंध वाचला, त्याचे शीर्षकच प्राणिसृष्टी आणि वनस्पतिसृष्टी यांच्यातील संबंधांच्या समायोजनाविषयी होते.

परंतु निबंधाचा खरा नाट्यबिंदू शीर्षकात नाही. काही काळाने व्हॅलिस्नेरियाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर धरला. दोन पात्रांचे नाटक बिघडले. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातल्या पाच-सहा शंखी गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर खाऊन टाकला; शिवाय त्यांची अंडी माशांना अन्न म्हणून मिळाली. वॉरिंग्टनला आपले चक्र पूर्ण झाल्यासारखे वाटले. घरातल्या टाकीत गोगलगायी सोडण्याच्या आजच्या सल्ल्याची ही नोंदलेली सुरुवात.

इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. वॉरिंग्टनची कृती अचूक होती. त्या कृतीचे त्याने दिलेले वर्णन मात्र अपुरे होते. गोगलगाय शेवाळ खाते, याचा अर्थ शेवाळ ज्यावर पोसले ते द्रव्य नाहीसे होते असा नाही. त्याचा काही भाग गोगलगायीच्या देहात जातो आणि उरलेला विष्ठेवाटे पुन्हा पाण्यात येतो. दृश्य स्वच्छ होते, हिशेब तसाच राहतो. पण ‘समतोल’ हा शब्द इतका आश्वासक होता, की हिशेब तपासण्याची गरज पुढे बराच काळ कुणाला वाटली नाही.

याच सुमारास समुद्राचे पाणीही घरात येऊ लागले होते. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथून प्रवाळ आणून लंडनमधील आपल्या घरी जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुनःपुन्हा ओतावे लागे, आणि हे काम घरातील मोलकरणीकडे होते. पुढे त्यांनी समुद्रवनस्पती ठेवायला सुरुवात केली. त्यांचा हा वृत्तान्त १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. समतोलाच्या इतिहासात ही अनाम मोलकरीण महत्त्वाची आहे. जिथे निसर्ग आपोआप चालतो असे सांगितले जाते, तिथे कुणाचे तरी हात चालू असतात, याची ती पहिली खूण आहे.

खाऱ्या पाण्यात शेवाळाचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होता. समुद्रातली वनस्पती म्हणजे बहुतांशी शेवाळच. लाल आणि तपकिरी समुद्रशैवाले दिसायला मोहक. पण ती टाकीत लवकर मरत आणि पाणी नासवत. साधी हिरवी जात टिकून राही. म्हणजे प्राणवायूसाठी जे मुद्दाम आणून लावायचे, तेही शेवाळ आणि काचेवर चढल्यावर जे पुसून काढायचे, तेही शेवाळ. जागा बदलली की नाव बदलत होते. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने या पेचावर समुद्रातल्या शंखधारी गोगलगायींचा उपाय सांगितला आणि त्यांच्या दातेरी जिभेने काचेवरचा हिरवा थर कसा ओळीने छाटला जातो, याचे वर्णन विळ्याने गवत कापणाऱ्या माणसाच्या प्रतिमेतून केले. ही प्रतिमा निरागस नाही. टाकी म्हणजे इंग्रजी जमीनदाराचे कुरण, आणि शेवाळ खाणारा जीव म्हणजे त्या कुरणावरचा गडी, असे चित्र तिच्यातून उभे राहते.

गॉसच्या १८५४ मधील पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले होते आणि त्याच्या उभारणीत गॉसचा सहभाग होता. गॉस कडवा धर्मनिष्ठ होता. त्याच्या लेखी टाकीतला समतोल हा ईश्वरी योजनेचा पुरावा होता. पाणी हिरवे झाले, तर दोष टाकी मांडणाऱ्याचा. निसर्गात समतोल आहेच, तो बिघडवतो तो माणूस, हा विचार आज आपल्याला पर्यावरणाच्या भाषेत ओळखीचा वाटतो. त्याचे एक मूळ या धर्मश्रद्धेत आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लेखकवर्गही या लाटेपासून दूर राहिला नाही. चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये ‘ग्लॉकस’ हे समुद्रकिनाऱ्यावरचे पुस्तक लिहिले. १८५६ च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री ल्यूइस आणि मेरियन इव्हान्स इल्फ्राकूम आणि टेन्बी येथील किनाऱ्यांवर जीव गोळा करीत हिंडत होते. वस्तूंची नेमकी नावे जाणून घेण्याची आपली ओढ म्हणजे संदिग्धतेकडून स्पष्ट कल्पनांकडे जाण्याची धडपड आहे, अशी नोंद मेरियनने त्या दिवसांत केली. टेन्बीलाच तिला आपल्या पहिल्या कथेचे शीर्षक सुचले, आणि पुढच्या वर्षी ती कथा प्रसिद्ध झाली. ‘जॉर्ज एलियट’ या नावाने आपण ओळखतो ती लेखिका अशी डबक्यांच्या काठावर घडत होती. पंधरा वर्षांनी आलेल्या ‘मिडलमार्च’मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या पाण्याच्या थेंबाचा दृष्टान्त आहे. साध्या भिंगातून पाहिले तर एका अधाशी जीवाच्या तोंडात इतर जीव जणू स्वखुशीने जाताना दिसतात; भिंग बदलले की त्या जीवाचे बारीक केस भोवरे निर्माण करून त्यांना ओढताना दिसतात. भिंगाचे सामर्थ्य वाढले की कारणाची गोष्ट बदलते, हे एलियट समाजाविषयी सांगत होती. मत्स्यालयाच्या बाबतीत तेच घडायचे होते.

दरम्यान लाट ओसरली. साठच्या दशकात घराघरांतल्या टाक्या माळ्यावर गेल्या. नेचरल हिस्टरीवर लोकप्रिय पुस्तके लिहिणाऱ्या रेव्हरंड जे. जी. वुड यांनी १८६८ मध्ये या हौसेचे वर्णन उतरून गेलेल्या तापासारखे केले. मासे मेले, पाणी नासले, काच हिरवी झाली. समतोलाच्या आश्वासनावर विसंबलेल्या सामान्य हौशी माणसाला हे सगळे स्वतःचेच अपयश वाटले.

ज्यांनी हार मानली नाही, त्यांनी रूपकाऐवजी डबक्याकडे पाहिले. वेल्समधील एडवर्ड एडवर्ड्स याच्या ध्यानात आले, की खडकांमधल्या खोल डबक्यांत उजेड केवळ वरून येतो. चारी बाजूंनी काच असलेली टाकी हा निसर्गाचा नमुनाच नव्हे. त्याने मागची बाजू उतरती ठेवून तिच्या पाठीमागे पाण्याचा एक अंधारा कप्पा केला. विल्यम अल्फर्ड लॉइड याने, जो पूर्वी लंडनमध्ये मत्स्यालयाच्या साहित्याचा दुकानदार होता, हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. हॅम्बर्ग येथे १८६४ मध्ये आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये त्याने जी सार्वजनिक मत्स्यालये उभारली, त्यांत दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी तळघरातल्या अंधाऱ्या हौदांत असे आणि पंपांनी ते अखंड फिरत राही. शेवाळावरचे पहिले परिणामकारक उत्तर असे अंधारात सापडले. प्रेक्षकाला जो समतोल दिसत होता, तो न दिसणाऱ्या हौदावर, वाफेच्या इंजिनावर आणि कोळसा घालणाऱ्या माणसांवर उभा होता. अ‍ॅना थिन यांच्या मोलकरणीचे काम आता यंत्राकडे गेले होते.

भिंग बदलले ते मात्र वेगळ्याच ठिकाणी. रॉबर्ट वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्ट, कृषिरसायनतज्ज्ञ झाला आणि रॉथमस्टेड येथे मातीचा अभ्यास करू लागला. सेंद्रिय द्रव्य कुजून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे मातीत नायट्रेट होते, ही क्रिया सजीव घडवून आणतात हे १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्स यांनी दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टनने ही क्रिया दोन टप्प्यांत होते आणि तिच्यात दोन निराळे सूक्ष्मजीव असतात, हे दाखवले; ते वेगळे करण्याचे श्रेय पुढे सर्गेई विनोग्राडस्की याला मिळाले. मातीत चालणारे हेच काम टाकीतल्या वाळूत आणि गाळणीतही चालते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो, अमोनियाचे नायट्राइट होते आणि नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट माशांना फारसे अपायकारक नसते, पण शेवाळाला ते खत असते. पाणी बदलावे, खाद्य मोजके घालावे, नव्या टाकीत घाईने मासे सोडू नयेत, या सल्ल्यांचे स्पष्टीकरण इथे आहे. बापाने ज्या नाटकात तीन पात्रे मोजली होती, त्यातली मुख्य पात्रे डोळ्यांना दिसतच नव्हती, आणि त्यांना ओळखणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता.

तरीही हौशी लोकांच्या भाषेत ‘संतुलित मत्स्यालय’ टिकून राहिले. १९४९ मध्ये अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅट्झ यांनी एका लेखात त्याला थेट मिथक म्हटले. टाकीतल्या पाण्याला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागावरून, हवेतून मिळतो आणि कर्बवायूही तिथूनच निघून जातो. वनस्पती नसतानाही मासे जगतात. मासा आणि वनस्पती यांच्यातील वायूंची देवघेव खरी असली, तरी टाकी तिच्यावर चालत नव्हती. शंभर वर्षे सांगितली गेलेली गोष्ट म्हणजे एका सुंदर उपमेचा विस्तार होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न दिवाणखान्यातून पुन्हा सरोवरापर्यंत पोचला. १९७३ मध्ये कॅनडातील एक तलाव मधोमध पडदा घालून विभागण्यात आला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्यात या दोहोंबरोबर फॉस्फरस घालण्यात आला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला. डेव्हिड शिंडलर यांच्या या प्रयोगाने साबणाच्या पुडीतील आणि सांडपाण्यातील फॉस्फेटवर निर्बंध घालण्याच्या चळवळीला बळ दिले. नव्वदच्या दशकात हौशी मत्स्यपालकांनी हाच तर्क टाकीला लावला : वनस्पतींना बाकी सर्व पोषण द्यावे, फॉस्फेट मात्र मर्यादित ठेवावे, म्हणजे शेवाळाची कोंडी होईल. पुढे अनेकांना असे आढळले, की वनस्पती दाट आणि जोमदार असतील तर फॉस्फेट घालूनही शेवाळ माजत नाही. डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ मधील आपल्या पुस्तकात स्पर्धेवर भर दिला. वाढत्या वनस्पती अमोनिया झपाट्याने उचलतात. पृष्ठभागावर तरंगणाऱ्या किंवा पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या वनस्पतींना हवेतला कर्बवायू मिळतो, आणि त्या शेवाळाला मागे टाकतात. जपानमध्ये ताकाशी अमानो यांनी दाट लागवडीच्या निसर्गदृश्यासारख्या टाक्या मांडल्या आणि शेवाळ खाणाऱ्या एका लहान गोड्या पाण्यातील कोळंबीला हौशी लोकांत असे प्रतिष्ठित केले, की इंग्रजीत तिला त्यांचेच नाव चिकटले. वॉरिंग्टनच्या गोगलगायीची ही वारसदारच. अमानोंच्या टाक्या पाहणाऱ्याला निसर्ग वाटतात. त्यांच्यामागे कात्रीने होणारी नियमित छाटणी, मोजून दिलेला उजेड, कर्बवायूची नळकांडी आणि वारंवार बदललेले पाणी असते. अमानोंनी हे श्रम कधी लपवले नाहीत. १८५० आणि आज यांतला मुख्य फरक इथे आहे.

म्हणून शेवाळाच्या बंदोबस्ताचा एकच रामबाण उपाय सापडत नाही, यात नवल नाही. उजेड, पोषण, वनस्पती, खाणारे जीव आणि माणसाची निगा या पाच गोष्टींचे नाते प्रत्येक टाकीत निराळे असते आणि ते रोज बदलते. ‘समतोल’ या शब्दात तराजू स्थिर झाल्याची सूचना आहे. मत्स्यालयाचा अनुभव आपल्या ‘राखणे’ या क्रियापदाच्या अधिक जवळ जातो. शेत राखतात, घर राखतात, तशी टाकी राखावी लागते. राखणे संपले, की शेवाळ आपले काम सुरू करते.

या गोष्टीचा आणखी एक हिशेब बाकी आहे आणि तो टाकीबाहेरचा आहे. फिलिप गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. बापाच्या पुस्तकांनी भारावलेल्या गर्दीने डेव्हनच्या किनाऱ्यावरची डबकी कशी लुटली, ज्या नाजूक सृष्टीला युगानुयुगे कुणाचा हात लागला नव्हता ती काही वर्षांत कशी उजाड झाली, हे त्यात त्याने लिहिले आहे. आपल्या हातून काय घडते आहे हे वडिलांना आधी दिसले नाही आणि नंतर त्याचे फार दुःख झाले, असेही तो नोंदवतो. घरातल्या काचेत समतोल मांडण्यासाठी किनाऱ्यावरचा समतोल मोडला गेला, आणि घरातलाही टिकला नाही. काही वर्षांत टाक्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या काचांवर शेवटपर्यंत राहिले असेल, तर ते प्रीस्टलीच्या भांड्यात न बोलावता आलेले तेच ‘हिरवे द्रव्य’.